वीर्यतपासणीचा पहिलाच अहवाल कमी आला आहे. थेट इक्सी (टेस्ट ट्यूब बेबीचा एक प्रकार) करावी की तीन महिने थांबावे?

नमस्कार. लग्नाला साडेचार वर्षे झाली असून गेली अडीच वर्षे आम्ही मुलासाठी प्रयत्न करीत आहोत. पत्नीचे वय ३४, माझे ३७. तिची पाळी नियमित आहे, थायरॉइड ठीक आहे, एएमएच (बीजांडांचा साठा दाखवणारे संप्रेरक) १.४ आले आणि एचएसजीमध्ये (गर्भनलिकांच्या एक्स-रे तपासणीत) दोन्ही गर्भनलिका मोकळ्या दिसल्या. ती तपासणी करून बाहेर आल्यावर ओटीपोटाशी पर्स घट्ट धरून ती बराच वेळ बाकावर बसून होती. काही बोलली नाही. या सगळ्या काळात माझी एकही तपासणी झाली नाही. कोणी सांगितली नाही आणि मीही विचारले नाही, याचे मला फार वाईट वाटते, कारण सुईसुद्धा न टोचता होणारी वीर्यतपासणी सर्वांत आधी व्हायला हवी होती.

ती आता झाली. शुक्राणूंची संख्या दर मिलिलिटरला ७० लाख आली (जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या पुस्तिकेत खालची मर्यादा १ कोटी ६० लाख आहे) आणि पुढे सरकणारे शुक्राणू १८ टक्के (मर्यादा ३०). डॉक्टरांनी पुढच्याच पाळीपासून इक्सी सुरू करू, असे सांगितले. इक्सीत एकच शुक्राणू थेट बीजांडात सोडतात, त्यामुळे कमी संख्येतही गर्भ तयार होऊ शकतो, हे मला समजते. पण तपासणीच्या दीड महिना आधी मला डेंग्यू झाला होता आणि पाच दिवस १०३ पर्यंत ताप होता. शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात आणि मोठ्या तापाने संख्या काही काळ घटू शकते. लॅबच्या फॉर्मवर मात्र तपासणीआधी किती दिवस वीर्यस्खलन टाळले, एवढाच प्रश्न होता.

ज्यांना तापानंतर असा अहवाल आला होता, त्यांनी तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी केल्यावर किती फरक पडला, हे कृपया सांगावे. मधल्या काळात युरॉलॉजिस्टकडून व्हेरिकोसीलची (अंडकोशातील फुगलेल्या शिरांची) तपासणी करून घ्यावी, असे मला वाटते. त्यासाठी सोनोग्राफी आधी करून न्यावी का? दुसरीकडे, पत्नीचे वय आणि एएमएच पाहता तीन महिने थांबणे तिच्या दृष्टीने महागात पडेल का, ही मला सर्वांत मोठी काळजी आहे. संख्या सुधारली तर आधी आययूआय (वीर्य थेट गर्भाशयात सोडणे) करून पाहण्यात अर्थ आहे का, हेही सांगावे.

आम्ही सांगलीला राहतो. उपचारासाठी पुण्याला जाऊन राहिलेल्यांनी उपचाराच्या एका सायकलमध्ये किती फेऱ्या झाल्या आणि सुट्टी किती काढावी लागली, हे लिहिल्यास पत्नीला तिच्या शाळेत तसा अर्ज देता येईल.