मदत हवी आहे: आत्याच्या विशिष्ट सेवा पदकाचं प्रशस्तिपत्र कसं मिळवावं?

नमस्कार मंडळी,

माझी आत्या सैन्याच्या नर्सिंग सेवेत होती, मेजर म्हणून निवृत्त झाली. आता ती नाही. तिची पदकं फ्रेम करून घरात लावायची आहेत. त्यातलं एक कांस्याचं: मधोमध पाच टोकांचा तारा, मागे अशोकस्तंभ, पिवळ्या फितीवर गडद निळ्या तीन उभ्या रेघा. विशिष्ट सेवा पदकच ते, उल्लेखनीय सेवेसाठी दिलं जाणारं. उरलेली दोन म्हणजे २० वर्षांच्या सेवेचं आणि १९७२ सालचं, स्वातंत्र्याच्या पंचविशीचं.

नातेवाईक म्हणतात, "ती कुठे लढाईत होती? वर्षं भरली म्हणून मिळालं असणार." फार लागतं हो हे. वर्षं भरल्यावर मिळणारं पदक वेगळं, ते शेजारीच आहे! विशिष्ट सेवा पदकं १९६० साली सुरू झाली तेव्हा त्यांना पहिला, दुसरा, तिसरा वर्ग म्हणत. परम विशिष्ट, अति विशिष्ट, विशिष्ट ही नावं १९६७ पासूनची. नर्सिंग सेवेतल्यांनाही ती मिळतात, हे नियमांतच आहे. आणि पदकांच्या मानक्रमात परम विशिष्ट सेवा पदक लढाईतल्या शौर्यासाठीच्या महावीर चक्राच्याही वर आहे, अति विशिष्ट वीर चक्राच्या वर. जखमींना उभं करणारे हात नसतील तर सैन्य लढणार कसं?

घर बदलताना प्रशस्तिपत्र गहाळ झालं. आत्याला विचारलं की "काम केलं, दिलं त्यांनी" म्हणायची आणि चहा टाकायला उठायची. वडिलांना वर्षही नीट आठवत नाही, १९८० नंतरचं एवढंच. तिने नेमकं काय केलं ते मला पदकाखाली लिहायचं आहे. प्रत कुठे मागू? फीत विरली आहे, बदलली तर चालेल? आणि फ्रेममध्ये आधी कुठलं पदक?

प्रतिसाद:

ताई, आधी वर्ष पक्कं करा. नावं भारताच्या राजपत्रात, राष्ट्रपती सचिवालयाच्या अधिसूचनेत छापून येतात. प्रजासत्ताक दिनाच्या याद्यांपासून सुरुवात करा. तिथे नाव आणि हुद्दा सापडेल, कामाचं वर्णन नाही. मग अधिसूचनेची प्रत आणि आत्यांच्या पेन्शनचे कागद घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. पुढचा अर्ज कुणाकडे करायचा ते तिथे विचारा. बघणाऱ्याच्या डावीकडून पहिलं विशिष्ट सेवा पदकच लावा. फीत खुशाल बदला, जुनी मात्र जपून ठेवा. आणि पदक पॉलिशने घासू नका, ताऱ्याच्या कडा झिजतात.