घरातल्या आरतीचे फोटो हलतात : कॅनन १५००डी आणि किट लेन्स, मदत हवी आहे

प्रश्न

नमस्कार. कॅमेरा कॅनन १५००डी, सोबत आलेली १८-५५ लेन्स (एफ/३.५-५.६). बाहेर उजेडात फोटो छान येतात. घरात संध्याकाळी गणपतीच्या आरतीला मात्र चेहरे पुसट येतात आणि तबक धरलेला हात तर ओळखूच येत नाही. ऑटोवर फ्लॅश आपोआप उघडतो, मूर्ती चकाकते, मागे काळोख. फ्लॅश बंद केला की सगळं हलतं. लेन्सवरचं स्टॅबिलायझर चालू आहे. खोलीत एक एलईडी ट्यूब, मखराला दिव्यांची माळ. ५० एमएम एफ/१.८ घ्यावी का, की सेटिंग चुकतंय?

प्रतिसाद १

लेन्सचं नंतर बघू. आधी बिघडलेला एक फोटो कॅमेऱ्यावर उघडा आणि मोठा करून पाहा. मागची भिंत, मखर स्पष्ट आणि फक्त हात फिसकटलेला असेल, तर माणूस हललाय. सगळंच एका दिशेला ओढल्यासारखं दिसत असेल, तर कॅमेरा हललाय. चेहरा पुसट पण मागचं तोरण स्पष्ट असेल, तर फोकस चुकलाय. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत.

तुमच्या वर्णनावरून पहिलं कारण दिसतंय. स्टॅबिलायझर तुमच्या हाताची थरथर सावरतो, समोरच्याचा हात थांबवत नाही. त्याला वेगवान शटरच लागतं. फोटो बघताना डिस्प बटण दाबलं की शटर दिसेल. १/२० किंवा १/३० सेकंद असेल तर आरती हलणारच.

डायल टीव्हीवर (Tv, शटरचा वेग आपण ठरवायचा मोड) न्या, शटर १/१२५ ठेवा. आयएसओ (उजेड टिपण्याची संवेदनशीलता) ऑटो करा आणि मेनूत त्याची कमाल मर्यादा ६४०० करा. थोडे दाणे दिसतील. दाणेदार फोटो चालतो, हललेला कुठलंही सॉफ्टवेअर धड सुधारत नाही. झूम १८ वरच ठेवा आणि दोन पावलं पुढे जा. एफचा आकडा जितका लहान तितकी लेन्स जास्त उघडते: १८ ला ती एफ/३.५ पर्यंत उघडते, ५५ ला फक्त एफ/५.६, म्हणजे उजेड निम्म्याहूनही कमी.

प्रश्नकर्ता

१/१२५ करून पाहिलं. व्ह्यूफाइंडरमध्ये ३.५ आकडा लुकलुकतो आणि फोटो काळपट येतो.

प्रतिसाद १

लुकलुकणं म्हणजे लेन्स पूर्ण उघडली, आयएसओ वरच्या मर्यादेला टेकला, तरी उजेड पुरत नाही. अशा वेळी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायची सेटिंग) वाढवूनही उपयोग नाही, कॅमेऱ्याकडे द्यायला काही उरलेलंच नसतं. खोलीतले सगळे दिवे लावा. मूर्तीच्या बाजूला, आरती करणाऱ्याच्या तोंडावर उजेड पडेल असा एखादा जादा दिवा ठेवा. एवढ्यानं बहुतेक वेळा भागतं. तरीही नाहीच भागलं तर शटर १/८० करा आणि तबक फेरीच्या वरच्या टोकाला पोचेल तेव्हा क्लिक करा. तिथे हाताचं वर-खाली होणं क्षणभर मंदावतं.

आकडा लुकलुकत नाही, तरी चेहरे काळे येतात, असं झालं तर दोष माळेचा. चौकटीत माळ आणि निरांजनाची ज्योत असली की कॅमेऱ्याला वाटतं उजेड भरपूर आहे, आणि तो फोटो गडद करतो. मागचं एव्ही +/- बटण दाबून धरा, डायल फिरवा, +१ करा.

प्रतिसाद २

फोकसचंही बघा. ऑटो निवडीत कॅमेरा बहुधा जवळची वस्तू पकडतो, म्हणजे चेहऱ्याऐवजी तबक. फोकस बिंदू निवडायचं बटण दाबून सेट दाबा, मधला बिंदू येईल. नऊ बिंदूंत तोच एकटा क्रॉस-टाइप (आडव्या-उभ्या दोन्ही रेषा पकडणारा), कमी उजेडात भरवशाचा. तो गालावर नको, गालावर धरायला काही नसतं. चष्म्याची कड किंवा भुवई घ्या, बटण अर्धं दाबा, आवाज आला की चौकट जुळवा आणि पूर्ण दाबा. लाइव्ह व्ह्यू बंद ठेवा, या कॅमेऱ्यात पडद्यावरून फोकस फार सावकाश होतो.

प्रतिसाद ३

लेन्सबद्दल: एफ/५.६ च्या तुलनेत एफ/१.८ दहापट उजेड घेते, त्यामुळे ५० एमएम चांगलीच. पण या कॅमेऱ्यावर ती ८० एमएमइतकी अरुंद दिसते. फ्लॅटच्या हॉलमध्ये एक-दोन चेहरे मावतील, मखरासकट घरचे सगळे नाहीत. लहान खोलीत आरतीसाठी छताकडे वळवता येणारा बाहेरचा फ्लॅश जास्त कामाचा. छत पांढरं असेल तर उजेड वरून पसरून येतो, मूर्ती चकाकत नाही. मात्र १५००डीच्या हॉटशूला (वरच्या फ्लॅश बसवायच्या खाचेला) मधला सर्वसाधारण संपर्कबिंदू नाही. एकाच पिनवर चालणारे स्वस्त फ्लॅश त्यावर पेटत नाहीत. कॅननसाठीचा ईटीटीएल (कॅमेऱ्याशी बोलून उजेड आपोआप ठरवणारा) फ्लॅश मागा, आणि दुकानातच आपल्या कॅमेऱ्यावर लावून, पेटवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.