टँगो अँड कॅश (1989): हा सिनेमा आपण कधी गंभीरपणे घेणार?

रविवारदुपार
लोकहो, काल रात्री परत टँगो अँड कॅश बघितला, कितव्यांदा ते विचारू नका. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, लॉस एंजेलिसमधले दोन पोलीस, एक सिल्वेस्टर स्टॅलोन म्हणजे रे टँगो, थ्री पीस सूट, चष्मा, ड्युटीवर असताना शेअर्सची चौकशी करणारा, आणि दुसरा कर्ट रसेल म्हणजे गेब कॅश, केस विस्कटलेले, जीन्स, आणि बुटाच्या टाचेतून गोळी झाडणारा. दोघांना खुनाच्या खोट्या केसमधे अडकवतात आणि ह्यांनीच आत टाकलेले गुंड जिथे वाट बघत बसलेत त्याच जेलात पाठवतात. पुढचं सांगायची गरज नसावी.
आता मुद्दा. डायरेक्टर कोण तर आंद्रेई कोंचालोव्स्की! तोच, ज्याने थोर रशियन दिग्दर्शक तारकोव्स्कीबरोबर बसून आंद्रेई रुब्ल्योव हा गाजलेला आर्ट सिनेमा लिहिला. वडील सोव्हिएत राष्ट्रगीत लिहिणाऱ्यांपैकी एक. अशा घरातला माणूस उगाच काचा फोडून माणसं बाहेर उडवेल का हो? माझ्या मते ही आर्ट फिल्म आहे, आपल्याला झेपली नाही. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

फुकटचा_समीक्षक
प्रकाश टाकतो. तो सुरुवातीचा सीन, टँगो गाडी आडवी लावून समोरून येणाऱ्या टँकरपुढे छोटं रिव्हॉल्व्हर धरून उभा राहतो, टँकर करकचून थांबतो आणि आतले दोघे काच फोडून त्याच्या पायाशी येऊन पडतात, तो जसाच्या तसा जॅकी चॅनच्या 1985 च्या पोलीस स्टोरीतून उचललाय, तिथे बस आहे इथे टँकर एवढाच फरक. पण उचलल्यावर रशियन माणसाने काय भर घातली बघा. बाकीचे पोलीस म्हणतात टँकर रिकामा आहे, टँगो शांतपणे टाकीला गोळी मारतो, भोकातून पांढरी पावडर भुरूभुरू गळायला लागते, आणि वर एकजण हा स्वतःला रँबो समजतो म्हणाला तर खुद्द स्टॅलोन रँबोलाच शिवी घालतो. नट स्वतःच्याच पुतळ्याला जोडा मारतोय. ह्याला प्रायोगिक रंगभूमीवर टाळ्या पडल्या असत्या.

कोथरूडकरीण
मला व्हिलनबद्दल बोलायचंय. जॅक पॅलन्सने उंदरांसाठी भुलभुलैया बांधून ठेवलाय, आणि दोन उंदरांना टँगो आणि कॅश अशी नावं दिलीत, आणि ते हातात घेऊन कुरवाळत तो पार्टनर लोकांना प्लॅन समजावतो. पार्टनर बिचारे साधी माणसं, म्हणतात सरळ गोळी घाला की. तर नाही, म्हणे हुतात्मे होतील. मग खोटी टेप बनवा, कोर्ट, जेल, तिथे करंट, एवढा सगळा खर्च! आमच्या सोसायटीत गच्चीच्या वॉटरप्रूफिंगची मीटिंग अशीच चालते, ज्याला अक्कल आहे त्याचं कुणी ऐकत नाही.
आणि हो, कॅश बाईच्या वेषात क्लबमधून निसटतो त्यासाठी कर्ट रसेलला रॅझीचं, म्हणजे वर्षातल्या सर्वात वाईट सिनेमांना देतात त्या पुरस्काराचं, नॉमिनेशन होतं, सर्वात वाईट सहाय्यक अभिनेत्री म्हणून. मिळालं नाही. अन्याय आहे.

रविवारदुपार
ताई, हसून हसून पुरेवाट. पण धाग्याला एक गालबोट लागतंय ते मीच सांगतो. शूटिंग संपत आलेलं असताना कोंचालोव्स्कीला काढलं आणि पर्पल रेन ह्या गायक प्रिन्सच्या म्युझिकल सिनेमाच्या डायरेक्टरला, अल्बर्ट मॅग्नोलीला आणलं. त्यामुळे शेवटी ती चिलखती गाडी घेऊन दोघे अड्ड्यावर घुसतात आणि दिसेल ते उडवतात त्यात रशियन वेदना किती आणि म्युझिक व्हिडिओ किती हा संशोधनाचा विषय आहे.

वायरमन_अण्णा
कलेतलं मला कळत नाय, विजेतलं कळतं. जेलातून पळताना दोघं कमरेचा पट्टा हायटेन्शन तारेवर टाकून घसरत भिंतीपलीकडं जातात. लोक हसतात, पण तारेवर पक्षी बसतो तेव्हा त्याला काय होतंय का? एकाच तारेला धरलंय, दुसऱ्या कशाला टेकलं नाय, तर अंगातून करंट जायला वाटच नाय. इथपर्यंत बरोबर. पण तारेपर्यंत पोचायचं कसं? पाय इमारतीला टेकलेले असताना पट्टा तारेवर टाकला की तिथंच खेळ खलास, आणि त्यात धो धो पाऊस, चामडं चिंब भिजलेलं. आमच्यात असं कुणी केलं आणि चुकून वाचला तर आधी सस्पेंड होईल.

फुकटचा_समीक्षक
अण्णा, पण तो पाऊस अंतर्मनातला असेल तर?

वायरमन_अण्णा
तरी अर्थिंग लागतंच.