ऑडिओ सीडी कुठल्या स्पीडला मारायची? शेवटचे अभंग अडकतायत

टाळकरीण:
आमच्या आत्याच्या भजनी मंडळाच्या 1994 सालच्या दोन कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्यात. खरखर थोडी कमी केली, एकूण 72 मिनिटं झाली. दिवाळीत आत्याला पंचाहत्तर पूर्ण होतायत, तेव्हा मंडळातल्या बायकांना वाटायला 40 सीडी हव्यात. पेनड्राइव्ह द्या म्हणू नका, त्यांना बटण दाबलं की वाजणारंच लागतं.

माझ्याकडे लॅपटॉपचा बारीक यूएसबी रायटर आहे, 24एक्सचा (म्हणजे वाजण्याच्या 24 पट वेगापर्यंत लिहिणारा). कोऱ्या सीडीवर 52एक्स लिहिलंय. स्पीड 'मॅक्स' ठेवून एक मारून बघितली. लॅपटॉपवर छान वाजते, पण बाबांच्या गाडीतल्या 2006 च्या प्लेअरमध्ये अकराव्या अभंगापासून उड्या मारते आणि भैरवी तर लागतच नाही. शिवाय गजर संपून अभंग उचलतात तिथे मध्येच दोन सेकंद सामसूम.

एकाने सांगितलं 1एक्सला मार. माझ्याकडे 10 च्या खाली आकडाच येत नाही. रायटर बदलू की सीडी?

निवांत_नाना:
जितकी हळू तितकी चांगली. आम्ही 2001 साली 2एक्सला मारलेल्या अजून वाजतात.

कॅसेटवाला:
नाना, तुमच्या त्या सीडीच तशा होत्या. आजच्या 52एक्सच्या सीडीचा डाय (लेझरने ज्यात खुणा उमटतात तो रंगाचा थर) वेगात मारायच्या हिशेबाने बनवलेला असतो. तिला फार हळू मारलं तर खुणा उलट बेढब उमटतात.

ताई, माझं सांगलीत कॅसेटचं दुकान होतं, पुढे आठ वर्षं सीडी मारून दिल्या. तुमचं दुखणं ओळखीचं आहे. सीडी आतून बाहेर लिहिली जाते. तुमचा रायटर आत साधारण 10 ने सुरू होतो आणि 24 ला पोचतो तो थेट कडेशी. सीडी जराशी वाकडी असेल तर डुगडुगते तीही कडेलाच. म्हणून पहिले अभंग गोड आणि भैरवीचा बळी.

आता लॅपटॉपवर का वाजते? त्याचा ड्राइव्ह दमदार असतो, पुन्हा पुन्हा वाचून घेतो. गाडीतला म्हातारा वाचतो एकदाच, सरळ. त्यात डेटा सीडीला चुका दुरुस्त करायचा एक जादा थर असतो, तो ऑडिओला नाही. तिथली जागासुद्धा आवाजानेच भरलेली असते. चूक हाताबाहेर गेली की प्लेअर अंदाजाने आवाज भरतो, तेही जमेना तर टक् वाजतं.

माझं मत: 16एक्स. आणि बारीक रायटर सोडा, तो यूएसबीच्या विजेवर कसाबसा चालतो. कुणाच्या तरी जुन्या डेस्कटॉपमधला मोठा सॅटा (आतल्या वायरीने जोडायचा) रायटर मिळवा. एकाच स्पिंडलमधल्या (कोऱ्या सीडींच्या गोल डब्यातल्या) तीन सीडी 8, 16 आणि 24 ला मारा (8 मिळत नसेल तर सर्वांत कमी असेल तो), वर आकडा लिहा आणि बाबांच्याच गाडीत शेवटचा अभंग आधी लावा. रायटर आणि सीडीची जोडी जमावी लागते, कागदावर ठरत नाही. लाइटऑनचा रायटर मिळाला तर क्यूपीएक्सटूल या सॉफ्टवेअरने सी1 (सहज दुरुस्त होणाऱ्या बारीक चुका) आणि सी2 (त्यापुढच्या मोठ्या चुका) मोजता येतील. सी2 शून्यच हवं. सी1 ची सरासरी सेकंदाला 220 पर्यंत चालते असं मानक म्हणतं, पण मी दहाच्या वर गेली की सीडी गिऱ्हाइकाला देत नसे.

सीडी आर (एकदाच लिहायची) घ्या, आरडब्ल्यू (पुसून पुन्हा लिहायची) नको. आरडब्ल्यूवरून उजेड इतका कमी परततो की जुन्या प्लेअरला ती दिसतच नाही. ताइयो युदेन या नावाजलेल्या जपानी कंपनीच्या सीडी म्हणून कुणी चढ्या भावाने विकत असेल तर जपून. त्यांनी 2015 अखेर उत्पादन बंद केलं, वर नकली मालही फार.

ती सामसूम 'ट्रॅक ॲट वन्स'ची, म्हणजे एकेक गाणं सुटं लिहिण्याची. 'डिस्क ॲट वन्स' (सगळी सीडी एका दमात) निवडा आणि मधलं अंतर शून्य करा.

टाळकरीण:
काका, मावसभावाच्या माळ्यावरून रायटर काढला. 24 ची शेवटी अजून अडखळते. 8 ची चालली, पण एका ठिकाणी टक् आला. 16 ची भैरवीसकट सरळ गेली, बाबांनी दोनदा लावली. गजरही सलग. वर गोल स्टिकर लावले तर चालतील?

कॅसेटवाला:
नको हो. एकदा साठ सीडींना स्टिकर लावले होते. पावसाळ्यात फुगले आणि निम्म्या परत आल्या, एक तर प्लेअरच्या पोटात अडकून. सीडीच्या पेनने लिहा, तेही मधल्या पारदर्शक कड्यावर. बॉलपेन तर अजिबात नको. डाय छापील बाजूलाच असतो, वर नुसता वार्निशचा पापुद्रा. खालची चकाकी लोक जपतात आणि वर खरवडतात!

टाळकरीण:
बरं. अकरा झाल्या. एकीला सहा मिनिटं लागतात. आत्या दोनदा विचारून गेली आत काय घरघरतंय, म्हणून दार लावून घेतलंय.

कॅसेटवाला:
रायटर तापला असेल, अर्धा तास थांबा. आणि दर दहा सीडींमागे एक गाडीत लावून बघाच.