आयात कपड्यावर एकच ड्युटी काऊन नाई लावत?

शिवणवाला, दारव्हा
राजेहो, आमचं बारकंसं शिलाई युनिट हाये, शाळेचे ड्रेस शिवतो. परवा एका व्यापाऱ्यानं बाहेरून आलेल्या मालाचे कागद दाखवले, डोकंच फिरलं ना बाप्पा. होजियरीचा टी-शर्ट कस्टमच्या दरपुस्तकाच्या ६१ व्या चॅप्टरात, मागावरच्या कापडाचा शर्ट ६२ मधी. समोरची डावी पट्टी उजवीवर आली तं मर्दानी, उलटी असली तं जनानी, आन काईच समजत नसन तं टाका बायकायच्या खात्यात! लेकराचे कपडे वयावर नाई, उंचीवर, ८६ सेंटीमीटरपर्यंतचं बाळ. कस्टमवाल्यायनं काय टेप घेऊन बसाचं काय? माहं म्हणणं सिधं हाये, कपडा तो कपडा, किलोवर एकच दर लावा, पळवाटाच बंद होतीन.

न्हावाशेवा रिटर्न
मी मूळचा पुसदचा, क्लिअरिंगच्या ऑफिसात कागदंच करतो. भाऊ, किलोवर लावाल तर पहिला मार सुतीलाच बसेल. जीन्स जड, पॉलिस्टरचा टॉप फुलासारखा हलका, म्हणजे सुती माल जास्त भरेल आणि पॉलिस्टर फुकटात सुटल्यासारखं. आणि दरपुस्तकात प्रत्येक मालाला आठ आकडी कोड असतो, त्याचे पहिले सहा आकडे जगभर सारखे आहेत, ब्रसेल्सच्या जागतिक सीमाशुल्क संघटनेचे, १९८८ पासून चालू. आपले फक्त पुढचे दोन. ते सहा आपण एकट्यानं कसे मोडणार?

चाट्याचं दुकान
शिवणवाल्या भौचं बरोबर हाये. मिक्स कापडाचं तं अजूनच भारी, ज्या धाग्याचं वजन जास्त त्याचा कोड, आन सुती-पॉलिस्टर ५०-५० असन तं ज्याचा चॅप्टर नंबर शेवटी येते तो, म्हणजे पॉलिस्टर. गिऱ्हाईक तं कॉटन म्हणूनच घेऊन जाते. आन बिनशिवलेली साडी कापडात, तिच्यावरचा शिवलेला ब्लाऊज कपड्यात, हे कोणत्या शान्यानं ठरवलं असन देव जाने.

पांढरं सोनं
तुम्ही शर्टावर भांडा, मी कापसावर बोलतो. बारीक वर्गीकरण शेतकऱ्याच्या फायद्याचंच हाये. कापसावर २०२१ पासून ११% ड्युटी होती. फेब्रुवारी २०२४ मधी ३२ मिमीच्या वरच्या लांब धाग्याले माफी देल्ली, तो आपल्याकडं पिकतेच किती, कोणी बोंबललं नाई. दरपुस्तकात त्याची वेगळी ओळ, म्हणजे वेगळा कोड होता म्हणून तेवढ्यालेच देता आली ना? मंग १९ ऑगस्ट २०२५ ले सगळ्याच कापसावरची काढली, पहिले सप्टेंबरपर्यंत म्हणे, मंग ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली, म्हणजे आमची वेचणी चालू होती आन बाहेरचा माल बिनड्युटीचा. २०२५-२६ चा हमीभाव ८११० कागदावर होता, व्यापारी त्याच्या खालीच बोलत होता. एकच दर म्हणता ना, सरसकट केलं की असं होते.

शिवणवाला, दारव्हा
पांढरं सोनं भौ, कापसाचं दुःख मान्य, पन मी तयार कपड्याचं बोलून राह्यलो. एवढ्या ओळी ठेवून फायदा काय झाला? बांगलादेशचा कपडा साफ्टाखाली, म्हणजे दक्षिण आशियाच्या व्यापार कराराखाली, शून्यावर येते. तिथं ६१ काय न ६२ काय, आमच्यासारख्या शिलाईवाल्याचं मरण तं तेच हाये.

न्हावाशेवा रिटर्न
तो मुद्दा माल कोणत्या देशाचा याचा, वर्गीकरणाचा नाही. शून्य दर असला तरी कोड टाकावाच लागतो आणि बंधन घालायचं तर त्या कोडवरच घालता येतं. १७ मे २०२५ ला तिकडच्या रेडीमेडला जमिनीवरची नाकी बंद केली, फक्त न्हावाशेवा आणि कोलकाता बंदर ठेवलं, चॅप्टर नसते तर तुमचा शर्ट कोणता आणि गोणपाट कोणतं हे नाक्यावरच्या माणसानं कसं वेगळं काढलं असतं? आणि २०२५ च्या बजेटात निटेड, म्हणजे होजियरीच्या कापडाच्या फक्त नऊ ओळींवर २०% किंवा किलोमागं ११५ रुपये, जे जास्त असेल ते, असं केलं. स्वस्तात बिल दाखवून येणारा माल त्या ११५ नं अडतो.

शिवणवाला, दारव्हा
हे पाहा, शेवटी तुम्हीच किलोवर आले! कापडाले किलो चालते आन कपड्याले नाई चालत?

न्हावाशेवा रिटर्न
चालतं, नऊ ओळींपुरतं चालतं. सगळ्या कपड्यावर तोच आकडा लावून पाहा, शे-दोनशे ग्रॅमच्या टॉपवर दहा-वीस रुपये बसतील, मग त्याच्याशी भिडायला तुमच्या शर्टाचा भाव किती खाली आणाल?

पांढरं सोनं
आन तो टॉप पॉलिस्टरचा, त्यात माह्या कापसाचं बोंड नाई एक.