वारस नोंद, वारस दाखला, सक्सेशन आणि 'नोंद झालीये' म्हणजे नक्की काय झालंय?

माणदेशी
आजोबा मागल्या वर्षी गेले. जमीन त्यांच्याच नावावर, मागे वडील, चुलते आणि दोन आत्या. गावात जो तो म्हणतोय आधी वारस लावून घ्या. तहसीलबाहेर टेबल टाकून बसणारे एक वकील म्हणाले वारस दाखला काढावा लागेल, कोर्टाचं काम आहे. बँकेतल्या मॅडम म्हणतात सक्सेशन आणा. आणि चुलतभाऊ म्हणतो कशाला एवढा घोळ, आत्यांच्या हक्कसोडची (हिस्सा सोडून दिल्याच्या कागदाची) नोंद झालीये की, आणि दाखवतो काय तर नोटरीचा लाल शिक्का मारलेला स्टॅम्पपेपर. शब्दकोशात बघितलं तर वारस म्हणजे उत्तराधिकारी, एवढंच, पुढं काही नाही. हे सगळे शब्द एकच का वेगळे? आणि वकील नक्की कसला गाठायचा?

अव्वल कारकून (निवृत्त)
वेगळे. आणि वेगळे असल्यामुळेच वकीलसुद्धा वेगळा लागतो, किंवा लागतच नाही.

'वारस लावणे' हा आमच्या महसूल दप्तरातला वाक्प्रचार. मयत खातेदाराच्या जागी त्याच्या वारसांची नावं सातबाऱ्यावर यायची, त्याची पहिली पायरी गाव नमुना 6क, म्हणजे वारसांचं रजिस्टर. त्यावरून नमुना 6 मध्ये फेरफार, म्हणजे हक्कातल्या बदलाची नोंद, धरतात, सगळ्यांना नोटीस निघते, 15 दिवस हरकतीला असतात, हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. लोक म्हणतात 'फेरफार ओढला', आम्ही म्हणायचो 'धरला'. मृत्यू दाखला आणि वारसांचं प्रतिज्ञापत्र तलाठ्याकडे द्यायचं (2024 पासून त्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं असतं, पण गावात कोण म्हणतंय), नाहीतर ई-हक्क या सरकारी पोर्टलवर घरबसल्या अर्ज टाकायचा. याला वकील लागत नाही. 2025 मध्ये सरकारने मयतांची नावं काढून वारस लावायची मोहीमच घेतली, नाव काय तर 'जिवंत सातबारा'. नाव ज्याने ठेवलं त्याला दप्तराची भाषा कळते एवढं नक्की.

फक्त एक ध्यानात ठेवा, सातबाऱ्यावर नाव लागलं म्हणजे मालकी ठरली असं होत नाही. महसूल अधिनियम 1966, कलम 157, नोंद खरी धरायची ती उलट सिद्ध होईपर्यंत.

पेठेतला काळा कोट
कारकूनसाहेबांनी महसूलचं सांगितलं, मी कोर्टाचं सांगतो. वारस दाखला ही दिवाणी कोर्टाची गोष्ट, आणि कायदा ऐकून हसाल, 1827 चं मुंबई रेग्युलेशन 8. पेशवाई बुडून दहा वर्षं पण झाली नव्हती. अर्ज करायचा, कोर्ट जाहीर नोटीस काढतं, कोणाची हरकत नसली की दाखला. घर-जमिनीबाबत कोणी रीतसर कागद मागत असेल किंवा वारस कोण यावरच घोळ असेल तर हा. सक्सेशन सर्टिफिकेट, म्हणजे मराठीत उत्तराधिकार प्रमाणपत्र, हे 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याखालचं आणि ते फक्त येणं असलेल्या पैशांसाठी आणि शेअर्स-रोख्यांसाठी. जमिनीला ते चालत नाही. म्हणून बँकेच्या मॅडम बरोबर आहेत त्यांच्यापुरत्या, तलाठी बरोबर आहे त्याच्यापुरता, आणि शब्दकोश तिघांना एकाच शब्दात बसवून मोकळा झालाय.

आता तुमच्या चुलतभावाची 'नोंद'. खरी गंमत इथे आहे, कारण नोंद हा शब्द तीन ठिकाणी तीन अर्थांनी चालतो. तलाठ्याची नोंद म्हणजे फेरफार. दुय्यम निबंधकाकडची ती दस्त नोंदणी, 1908 चा कायदा. आणि नोटरीसुद्धा स्वतःच्या रजिस्टरात नंबर टाकतो, त्यालाही पब्लिक नोंदच म्हणतं. हक्कसोडपत्राला मधली, निबंधकाकडची लागते. नोटरीच्या शिक्क्याने आत्यांचा हिस्सा कोणाकडे जात नाही, शिक्का लाल असो का निळा. आयजीआरच्या, म्हणजे नोंदणी विभागाच्या, ई-सर्चवर गाव आणि गट नंबर टाकून बघा, दस्त असेल तर इंडेक्स टू, म्हणजे दस्ताचा गोषवारा, दिसेल.

माणदेशी
बघतो. पण मग आत्यांची नावं लागणार का? चुलते म्हणतात वारस लावताना फक्त मुलांची लावू, 'वर्ग एकचे वारस' तेवढेच.

अव्वल कारकून (निवृत्त)
लागणार. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यापासून मुलगी वर्ग 1 ची वारस आहे, ही आजची गोष्ट नाही. आजी असतील तर त्या पण. तुमच्या चुलत्यांनी बहुतेक सातबाऱ्यावरचं 'भोगवटादार वर्ग 1' वाचलंय, त्याचा वारसाशी काही संबंध नाही, ती जमीन परवानगीशिवाय विकता येते एवढाच त्याचा अर्थ. वर्ग 2 ला परवानगी लागते. अर्जात बहिणी लपवून फेरफार करून घेतलेला मी कमी बघितला नाही, पुढे प्रांताकडे (उपविभागीय अधिकाऱ्याकडे) अपील, 60 दिवसांची मुदत, ती गेली की विलंब माफीचा अर्ज, आणि तिथून वकिलांची दिवाळी.

नागपुरी संत्र
आमच्याकडं खरेदीखत कोणी म्हणत नाही, 'विक्रीपत्र' म्हणतात, नाहीतर सरळ 'रजिस्ट्री झाली'. आणि शहरात मिळकत पत्रिकेला (प्रॉपर्टी कार्डाला) 'आखीव पत्रिका'. पुण्याच्या वकिलाला आखीव पत्रिका म्हटलं तर तो कन्या-राशीची पत्रिका समजला असता 😄 सांगायचं म्हणजे जमीन जिथली तिथला वकील बरा पडते, शब्द पण तिथलेच असतात.

डिचोलीकर
गोव्यात तर सगळंच वेगळं. सातबारा नाही, 'एक चौदा'चा उतारा. वाटणीला 'इन्व्हेंटरी' टाकतात कोर्टात, पोर्तुगीज कायद्यातून आलेला प्रकार, आता त्याला 2012 चा गोव्याचा स्वतःचा कायदा आहे. मुंबईतल्या कझिनने तिकडचा वकील धरून इथल्या घराचा वारस दाखला काढायला घेतला होता, इथल्या वकिलाने दोन मिनिटांत थांबवलं.

शुद्धलेखनवाला
विषय निघालाच आहे तर: 'कुळमुखत्यारपत्र' लिहिणाऱ्यांनी कृपया थांबावं. ते कुलमुखत्यार, अरबी कुल्ल म्हणजे सगळं, 'बिलकुल'मधलं. कूळ म्हणजे जमीन कसणारा, कूळ कायद्यातला, त्याचा इथे काय संबंध. आणि मुखत्यारपत्र म्हणजे वकीलपत्रही नव्हे. वकीलपत्राने तुम्ही वकिलाला कोर्टात उभं राहायला सांगता, मुखत्यारपत्राने कोणालातरी तुमच्या जागी सह्या करायला. पहिलं ज्याच्याकडे सनद आहे त्यालाच देता येतं.

माणदेशी
सनद म्हणजे? आमच्या गावठाणात ड्रोनने मोजणी झाली तेव्हा सनद दिलेली घराची.

पेठेतला काळा कोट
शब्द तोच. पूर्वी इनामाची सनद, आता स्वामित्व योजनेत घराची, आणि वकिलाची म्हणजे वकिली करायची परवानगी, आपल्याकडे ती महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिल देते. वकीलपत्रावर सनदेचा नंबर असतो, विचारायला लाजू नका. वकिलांना जाहिरात करायला बंदी आहे, त्यामुळे 'शंभर टक्के केस जिंकून देणार' असा बोर्ड दिसला तर पुढे चालायचं. तसंच 'फी नको, जमिनीतला हिस्सा द्या' म्हणणाराही नको, नियमात बसत नाही ते.

आणि विचारायचं काय तर "तुम्ही महसूलची कामं करता का दिवाणी?" एवढंच. प्रांताकडे रोज उभा राहणारा वेगळा, वाटपाचा दावा चालवणारा वेगळा, फौजदारीवाला तिसरा. तालुक्याला तिन्ही करणारे असतात, ते चांगले पण असतात, पण गेल्या वर्षभरात वाटपाचे दावे चालवलेत का हे विचारून घ्या. आत्यांपैकी कोणाला वकील लागला आणि ऐपत नसली तर तालुका विधी सेवा समितीकडे जाता येतं, बायकांना उत्पन्नाची अट नाही, 15100 वर फोन करून पण कळतं.

माणदेशी
ई-सर्चवर हक्कसोडचा दस्त नाही. धाकट्या आत्याला फोन केला, ती म्हणाली सही घेतली होती पण 'वारस लावायला लागते' म्हणून घेतली होती. आता ई-हक्कवर अर्ज भरतोय, वडील, चुलते, दोन्ही आत्या, आजी. चुलते बोलायचे बंद झालेत.

अव्वल कारकून (निवृत्त)
आत्यांची नावं त्यांच्या आधार कार्डावर आहेत तशी टाका, माहेरचं नाव कंसात. नाहीतर पुढे नाव दुरुस्तीचा अजून एक फेरफार. आणि चुलत्यांनी हरकत घेतली तर ती नोंद 'तक्रारी' होते, तिची सुनावणी लागते, घाबरू नका, त्या तारखेला मात्र महसूलवाला वकील घेऊन जा.