शब्दचर्चा : 'मिरग' लागतो, मग दिसत का नाही?

विचारणा (गुहागर)

'मिरग' आमच्याकडे कोणाला समजावून सांगावा लागत नाही. रोहिणीत धूळवाफेची, म्हणजे कोरड्या मातीतली पेर, मग मिरग. होड्या तोवर वर ओढून झापांनी शाकारलेल्या असतात. 'मिरग लागला का?' याचा अर्थ पाऊस लागला का, एवढाच.

डिसेंबरात मी पुतणीला किनाऱ्यावर मृग नक्षत्र दाखवलं होतं. चार कोपऱ्यांना हरणाचे चार पाय, पोटात एका ओळीत तीन चांदण्या, म्हणजे व्याधाचा बाण. जूनमध्ये घरात मिरगाचं बोलणं चाललेलं ऐकून ती अंगणात गेली आणि विचारू लागली, "काका, मिरग लागला म्हणता, तो कुठाय?" ढगांमुळे दिसत नाही, असं मी सांगितलं. ते उत्तर माझं मलाच पटलेलं नाही. मिरग आणि मृग एकच ना?

प्रतिसाद (देवगड)

शब्द एकच. मृदंगाचा मिरदंग होतो, तसा मृगाचा मिरग. पण ढग नसते तरी तिला तो दिसला नसता. 'मिरग लागलो' म्हणजे सूर्य मृग नक्षत्रात शिरला. हे दरवर्षी ७-८ जूनला होतं. त्या दिवसांत ते तारे सूर्याच्या शेजारी असतात. त्याच्यासोबत उगवतात, दिवसभर त्याच्या उजेडात हरवतात आणि त्याच्यासोबतच समुद्रात बुडतात. म्हणजे आकाशातला मृग दिसेनासा होतो, तेव्हाच शेतातला मिरग लागतो.

घोळ आहे तो 'नक्षत्र' या शब्दात. एक अर्थ डोळ्यांना दिसणारा ताऱ्यांचा पुंज. दुसरा अर्थ सूर्य-चंद्राच्या वाटेचा सत्ताविसावा भाग, १३ अंश २० कलांचा. तेवढी वाट चालायला सूर्याला तेरा-चौदा दिवस लागतात. शेतकरी बोलतो ते या दुसऱ्या नक्षत्राबद्दल. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस आणि पुष्याचा म्हातारा, हेही त्यातलंच.

कोणता अर्थ चालू आहे, ते क्रियापदावरून कळतं. नक्षत्र लागतं, बदलतं, कोरडं जातं. तारा उगवतो, माथ्यावर येतो, मावळतो. 'मिरग कोरडो गेलो' म्हणणाऱ्या माणसाच्या मनात हरीण नसतं, भाताचा तरवा, म्हणजे रोपं असतात. मला हा भेद फार आवडतो, कारण तो कोणी व्याकरणात बसवून शिकवलेला नाही.

प्रतिसाद (दापोली)

याच शब्दाचं दुसरं टोक मार्गशीर्षात आहे. पौर्णिमेचा चंद्र मृगशीर्षाजवळ असतो, म्हणून महिन्याला ते नाव. चंद्र पुरा गोल म्हणजे सूर्य बरोब्बर समोरच्या बाजूला, त्यामुळे मृग तेव्हा रात्रभर दिसतो. एका मृगापासून आपल्याला थंडीचा महिनाही मिळाला आणि पहिला पाऊसही, दोन्हींत जवळपास सहा महिन्यांचं अंतर.

प्रतिसाद (रत्नागिरी)

मिरग म्हणजे पाऊस, हे समीकरणसुद्धा कायमचं नाही. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डुलतो, त्यामुळे नक्षत्रं आणि ऋतू यांची जोडी हळूहळू सुटत जाते. साधारण ७२ वर्षांत एक दिवसाचा फरक, म्हणजे हजार वर्षांत जवळजवळ एक पूर्ण नक्षत्र. हजार वर्षांपूर्वी, आजच्या कॅलेंडरच्या हिशेबाने जूनच्या त्याच दिवसांत, सूर्य मृगात नाही तर आर्द्रात शिरत असे. आर्द्रा म्हणजे ओली! नाव त्यावरूनच पडलं असं म्हणण्याचं धाडस मी करत नाही, पण त्या काळच्या आपल्या किनाऱ्यावर पहिल्या पावसाला ते नाव किती शोभलं असेल.

आमच्या गावात जन्मलेल्या लोकमान्य टिळकांनी १८९३ च्या 'ओरायन' (म्हणजे मृगच) या पुस्तकात हाच धागा धरला होता. वसंतसंपात, म्हणजे वसंतात दिवस-रात्र सारखे होतात तेव्हाची सूर्याची जागा, मृगात होता त्या काळाच्या खुणा त्यांनी वेदांत शोधल्या आणि त्यावरून वेदांचं वय मांडलं. त्यांच्या अनुमानांवर वाद आहेत, पण आसाच्या डुलण्याचं गणित पक्कं आहे.

प्रतिसाद (दापोली)

जाता जाता एक. 'सप्तर्षी नक्षत्र' असं सर्रास लिहिलं जातं, ते टाळावं. सत्तावीस नक्षत्रांत सप्तर्षी नाही, कारण तो चंद्राच्या वाटेपासून फार उत्तरेला आहे. त्याला 'तारकासमूह' म्हणा. खगोलशास्त्रात असे ८८ समूह ठरलेले आहेत. खेड्यापाड्यांत त्याला म्हातारीची बाज आणि ती चोरणारे तीन चोर म्हणतात. ते नाव मात्र लिहाच, कारण बाज एकदा दाखवली की मूल ती विसरत नाही.

विचारणाऱ्याकडून (गुहागर)

सर्वांचे मनापासून आभार. पुतणीला काल अंगणात दोन दगड आणि एक कंदील मांडून दाखवलं. एक दगड पृथ्वी, मधे कंदील, पलीकडे मृगाचा दगड. ती पृथ्वीच्या दगडामागे बसली आणि म्हणाली, "कंदिलाच्या उजेडानं पलीकडचं काही दिसत नाही." नंतर उठून उलट बाजूला गेली. ढगांचं उत्तर मी मागे घेतलं.

मार्गशीर्षातल्या अमावास्येला तिला पुन्हा किनाऱ्यावर नेणार आहे. अकराच्या सुमारास व्याधाच्या ताऱ्याखाली, दक्षिणेला, हात लांब करून धरलेल्या वितीएवढ्या उंचीवर अगस्तीचा ताराही दिसेल. समुद्र पिऊन टाकणारा ऋषी समुद्राच्या इतका जवळ उभा कसा, हे ती विचारणारच.